मदत हवी आहे: लंडन-न्यूयॉर्क अंतर बरोबर येतंय, पण विमानाचा वेळ काही जुळेना

दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश टाकले की हवाई अंतर आणि लागणारा वेळ दाखवणारी एक्सेल शीट बनवतोय, निव्वळ हौस म्हणून. टेस्टिंगला लंडन-न्यूयॉर्क घेतलं. आधी अंतर काहीच्या काही येत होतं, अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की एक्सेलच्या साइन-कोसाइनला अंश नाही, रेडियन लागतात आणि मी आपला लंडनचा अक्षांश सरळ ५१.४७ अंश देऊन बसलो होतो. ते सुधारलं, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली, हीथ्रो (लंडनचा विमानतळ) ते जेएफके (न्यूयॉर्कचा) साधारण ५,५४० किमी आलं.

आता घोळ वेळेचा. ताशी ९०० किमी धरलं तर ६ तास ९ मिनिटं येतात. पण टाइमटेबलात जाताना ८ तास आणि येताना ७ तास दिसतायत. अंतर तेच, विमान तेच, मग हा फरक कशाचा? त्यात एका साइटवर ३,४४० मैल, दुसरीवर २,९९० मैल. आणि ट्रॅकिंग अ‍ॅपवर विमान वरून वळसा घालून जाताना दिसतं, तो वळसा वेगळा धरायचा का? कोणी सांगेल का प्लीज.

प्रतिसाद:
मैलांचं सोपं आहे, पहिले साधे मैल आणि दुसरे नॉटिकल म्हणजे सागरी, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. वळसा फक्त नकाशात दिसतो. गोलावर दोरा ताणून बघा, तो तसाच वर आयर्लंड, न्यूफाउंडलंडच्या अंगाने जाईल. सपाट नकाशावर पट्टीने आखलेली रेघच लांब पडते, जवळजवळ ५,७६० किमी. तेव्हा वेगळं काही धरू नका, तुमचे ५,५४० बरोबर आहेत.

प्रतिसाद:
वेळेचा दोष वाऱ्याचा. ९-१२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी १०० किमीचा वारा धरा, न्यूयॉर्ककडे जाताना ५,५४० भागिले ८०० म्हणजे ६ तास ५५ मि., येताना भागिले १००० म्हणजे ५ तास ३२ मि. गंमत म्हणजे जाऊन-येऊन बेरीज बिनवाऱ्याच्या बेरजेपेक्षा जास्तच येते, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! अटलांटिकवरचे मार्गसुद्धा वारा बघून रोज नव्याने आखतात.

शिवाय टाइमटेबलातला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा. टॅक्सी (गेट ते धावपट्टी विमानाचं जमिनीवरून जाणं), हवेत चढणं-उतरणं, लँडिंगची रांग आणि उशीर झाला तर म्हणून ठेवलेली थोडी ढील, सगळं त्यात. मी तरी सरसकट एक तास मिळवतो.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. वाऱ्याचा कॉलम टाकला, एक तास मिळवला, आता जाताना ७:५५ आणि येताना ६:३२, ८ आणि ७ च्या बरंच जवळ. पण पोचण्याची स्थानिक वेळ मार्चमध्ये दोन-तीन आठवडे एक तासाने चुकतेय. मी दोन शहरांच्या घड्याळांतला फरक कायम ५ तास धरलाय, तर अमेरिका उन्हाळ्यासाठी घड्याळं ब्रिटनच्या आधी तासभर पुढे करते म्हणून तेवढ्या दिवसांत तो ४ होतो का? ऑक्टोबरअखेरीलाही तसंच काही असतं का?

प्रतिसाद:
हो, दोन्ही वेळा. ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मधला आठवडा ४ तासांचा. ५ तसाच ठोकून ठेवू नका, तारखेवरून काढा.