ब्रेडेड ब्रेक लाइन : पैसे वसूल की नुसती हौस?

उतारावरचा
गाडी २०१७ ची, २२० सीसी, ५१ हजार किलोमीटर. पुढे सिंगल डिस्क, एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. परवा ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना जीव मुठीत होता. पुढचा लिव्हर निम्मा आत जाईपर्यंत काहीच होत नाही, नंतर एकदम धरतो. मला दोन बोटांनी ब्रेक दाबायची सवय, त्यामुळे उरलेली दोन बोटं चिमटतात ते वेगळंच.

मित्राने ब्रेक ऑइलचा रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीची, म्हणजे ब्रेडेड, लाइन टाकली आहे. त्याचा लिव्हर हाताला एकदम कडक लागतो. मला नुसत्या पुढच्या लाइनचे २६०० सांगितलेत. माझं मत : सायलेन्सर आणि एलईडीवर उधळण्याआधी प्रत्येकाने हा खर्च करावा. पटत नसेल तर बोला.

बारा-तेराचा पाना
नाही पटत. रबरी पाइप फुगतो हे खरं, पण कधी? आत दाब तयार झाल्यावर. तुमचा लिव्हर सुरुवातीलाच पोकळ जातोय. तिथे दाबच नाही, तर पाइप फुगणार कशाने? एक तर लाइनमध्ये हवा आहे, किंवा कॅलिपरच्या (डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागाच्या) पिना चिखलाने जाम झाल्यात, किंवा डिस्क वाकडी होऊन पॅड मागे ढकलले जातायत.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतली ओल पितं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५. घाटभर ब्रेक दाबत उतरलात की कॅलिपरमध्ये वाफ होते आणि लिव्हर ती वाफ दाबत बसतो. नवी लाइन टाकताना मेकॅनिकला ऑइल बदलावंच लागतं, हवा काढावीच लागते. काम ऑइलचं आणि शाबासकी २६०० च्या लाइनला.

कुंभार्लीचा वळणदार
शाबासकीचा मुद्दा निम्मा मान्य. मी दोन्ही कामं वेगवेगळी केली म्हणून सांगतो. आधी ऑइल आणि पॅड बदलले, मोठा फरक. दोन महिन्यांनी लाइन, तेव्हाही फरक, पण जोरात दाबल्यावरच कळणारा. पूर्वी शेवटच्या टप्प्यात लिव्हर रबरासारखा दबायचा, आता जेवढं बोट दाबतं तेवढाच ब्रेक वाढतो. ओल्या रस्त्यावर एबीएस नसताना चाक अडकायच्या काठावर आहे, हे बोटालाच कळायला हवं. आणि केटीएम ३९० ड्यूकला स्टीलची लाइन कारखान्यातूनच येते. त्यांनाही हौसच आली असेल का?

बारा-तेराचा पाना
अहो, त्या गाडीचा कॅलिपर वेगळा, टायर वेगळे. गाडी किती अंतरात थांबणार ते शेवटी टायरची पकड ठरवते. आहे त्या ब्रेकने चाक अडकतंय ना? मग ताकद पुरेशी आहे. राहिला प्रश्न हाताला काय जाणवतं याचा, आणि त्याच्यासाठीही आधी टायर बघा.

शिवाय कडक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक हा गैरसमज आहे. मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा भाग) बसवून पाहा. लिव्हर दगडासारखा होईल, पण तेवढ्याच जोराने दाबलं तर ब्रेक आधीपेक्षा कमी धरेल.

स्प्लेंडरवाला
चालू द्या. माझा ड्रम ब्रेक हे सगळं वाचून रडतोय.

शेडमधला माणूस
मी हायड्रॉलिक पाइपच्या धंद्यात आहे, म्हणून एकच कळकळीची विनंती. २६०० जास्त वाटले म्हणून जेसीबीचे पाइप दाबून देणाऱ्या दुकानातून ५०० रुपयांत लाइन बनवून घेऊ नका. लोक आणतात, मी हाकलून देतो. त्या पाइपाच्या आतलं नायट्राइल रबर खनिज तेलासाठी असतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. त्यात ते रबर फुगतं, मऊ पडतं, वर बघून काहीही कळत नाही. ब्रेकला आत ईपीडीएम रबर किंवा टेफ्लॉनच हवं.

आणि पानावाले, तुमच्याकडून एक गोष्ट सुटली. अनेक जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी आणि रबरी पाइप दर चार वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. ऑइल बदलणारे थोडे, पाइप बदललेला माणूस मला अजून भेटायचाय. २०१७ चा पाइप आहे तो.

उतारावरचा
काल ऑइल बदललं, हवा काढली. निघालं ते चहाच्या चोथ्यातून पिळल्यासारखं काळं. एक पिन अडकली होती, साफ करून ग्रीस लावलं. सुरुवातीचा पोकळपणा गेला. पानावाले, त्याबद्दल तुम्हाला वडापाव लागू.

पण पाइप हाताने वाकवून पाहिला तर फोर्कच्या क्लिपपाशी बारीक भेगा. म्हणजे बदलायचा आहेच. आता ओरिजिनल रबरी की ब्रेडेड?

बारा-तेराचा पाना
ओरिजिनल. निम्म्या पैशांत काम होईल, उरलेले पुढच्या टायरला.

कुंभार्लीचा वळणदार
पाइप काढायचाच आहे, मजुरी तीच, ऑइल पुन्हा तेवढंच सांडणार. एकदाच काय ते ब्रेडेड टाका. हे आधी म्हणालो असतो तर पानावाल्यांनी खाल्लं असतं.

बारा-तेराचा पाना
आताही खातोय.

शेडमधला माणूस
कोणताही घ्या, जुना पाइप लांबी मोजायला सोबत न्या. बसवल्यावर हॅंडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि फोर्क दाबून बघा, कुठे ताण नको. पाइपची टोकं जोडणाऱ्या बॅंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच टाका. ब्रेडेड घेतली तर वर प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या. उघडी जाळी मडगार्डचा रंग कानशीसारखी घासून काढते. ऑइल टाकीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलतो.