२४०० आरपीएमला इंजिनची थरथर: फ्लायव्हील की माउंट?

जुनी रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. मूळ इंजिन काढून नंतरच्या काळातलं चार सिलिंडरचं बसवलंय. त्याच वेळी फ्लायव्हील (इंजिनच्या मागच्या टोकाला फिरणारं जड चाक) लेथवर हलकं करून घेतलं, पण त्यावर बसणाऱ्या क्लचच्या प्रेशर प्लेटसह बॅलन्स केलं नाही (घाई नडली बहुतेक). इंजिनला गाडीच्या सांगाड्यावर धरणारे माउंट कडक पॉलियुरेथेनचे आहेत.

२२०० ते २६०० आरपीएममध्ये गाडी इतकी थरथरते की आरशात मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसतात. ३००० नंतर बरंच कमी होतं. उभ्या गाडीत, न्यूट्रलला, क्लच दाबूनही तेच. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्स बाद. प्लग नवे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, टायमिंग तपासलंय. बेल्ट काढून पाहिला, फरक शून्य. अर्थात क्रँक पुली (इंजिनच्या पुढच्या टोकाची, बेल्ट फिरवणारी चकती) तरीही फिरतेच. एक्झॉस्ट कुठे टेकत नाही.

फोनवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपमध्ये २४०० ला ४० हर्ट्झवर उंच टोक येतं, म्हणजे फेरीला एक धक्का. ८०, म्हणजे फेरीला दोन, असते तर चार सिलिंडरचा स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं. म्हणून संशय फ्लायव्हीलवर. पण बॅलन्सचाच दोष असेल तर वेग वाढल्यावर थरथर वाढायला हवी ना? इथे उलटंच. की माउंट त्याच फ्रिक्वेन्सीला साथ देताहेत?

लिफ्ट नाही, गिअरबॉक्स एकट्याने उतरवायचा आहे, त्यामुळे हा उद्योग एकदाच करेन. तो न उतरवता फ्लायव्हील, क्रँक पुली आणि माउंट यांतला नेमका दोषी कसा ओळखायचा?