गॉब्लिनला मराठीत काय म्हणायचं?

फासेवाला: इथे बडोद्यात बहिणीच्या मुलांना मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ खेळवतो. परवा खेळातल्या गुहेतून गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, निघाले आणि भाचा ओरडला, "मुंजे आले!" आई शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "मुंजाला तलवारीने काय मारता? तो मेलेलाच असतो." अडलं ते इथे. मुंजा, समंध, हडळ, ही सगळी माणूस मेल्यावर झालेली मंडळी. गॉब्लिन जन्माला येतो. तीन-साडेतीन फूट उंची, टोळी, पोरंबाळं, स्वतःची भाषा, मॅग्लुबियेत नावाचा देव. 2014 च्या नियमांत साध्या गॉब्लिनला 7 हिट पॉइंट, म्हणजे जीव थोडका, पण वार करून त्याच दमात दडी मारतो, म्हणून पोरं टरकून असतात. जिवंत जातीला शोभेल असा शब्द हवाय.

वाडीकर: खवीस! अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट. आमच्या वाडीत आजोबा चांगल्या जित्याजागत्या माणसाला म्हणायचे, "काय खवीस आहे!"

अमरप्रेमी: खवीस उसना, आणि अंगाने थोराड. घरातलं बघा ना. अमरकोशात पिशाच, गुह्यक, भूत या देवयोनी आहेत, यक्ष-गंधर्वांच्या पंगतीला बसलेल्या. म्हणजे जन्मजात. पिशाचांना भाषासुद्धा होती. गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेतली मानतात. मेलेल्या माणसाचं पिशाच्च हा नंतरचा अर्थ. माझं मत 'गुह्यक'ला. कुबेराचा खजिना राखणारे, आणि 'गुह्' म्हणजे लपवणं, गुहा त्यातलीच. दडी मारणाऱ्याला याहून नेमकं नाव कुठलं?

फासेवाला: अर्थ अगदी बसतो. पण आठवीतल्या मुलाकडून "दोन गुह्यकांवर बाण सोडतो" एका दमात वदवून दाखवा.

रावपुरा: मुलं दिवसभर गुजराती ऐकतात. 'वेंतिया' म्हणा, म्हणजे बुटका, लगेच कळेल. आपल्या 'वीत'चाच भाऊ.

वाडीकर: वीत म्हणजे नऊ इंच हो. हा तीन फुटी.

अमरप्रेमी: बडोद्यात बसून हे ऐकायचं? सयाजीरावांनी 1931 साली शासनशब्दकल्पतरू हा शब्दकोश काढला तो शब्द घडवायची सवय लागावी म्हणूनच ना?

रावपुरा: काका, तो कचेरीच्या कारभारासाठी. आणि त्यातही मराठीच्या शेजारी गुजराती, संस्कृत, फारसी मांडलेली आहे, कुणाला विटाळ झाला नाही. डाव रंगात असताना पोर शब्दापाशी अडखळलं तर तो शब्द गेला.

मांजलपूर: एक राहिलं. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या आवृत्तीत गॉब्लिन हा खेळाडूने निवडायच्या मूळ वंशांपैकी आहे. उद्या भाची स्वतः गॉब्लिन झाली तर तिला खवीस म्हणणार? तिला मिरवता येईल असं नाव हवं. गॉब्लिनच राहू द्या, टेबल ठेवलं तसं.

वाडीकर: खवीस काय फक्त शिवी आहे? तालमीतल्या धिप्पाड पहिलवानालाही कौतुकाने म्हणत.

अमरप्रेमी: धिप्पाड! मी तेच म्हणतोय. तीन फुटांचा खवीस कुणी ऐकलाय?

फासेवाला: बरं, शब्द असू दे, रूप तरी सांगा. भाचा "गॉब्लिनं आली" म्हणतो, भाची "गॉब्लिणी". आणि हॉबगॉब्लिन माणसाएवढे उंच, कवायती फौजेसारखे शिस्तीचे, त्यांना काय म्हणू?

वाडीकर: गॉब्लिणी चालतं तर खविशीण का नाही? तुमच्याकडे कुणी म्हणतं का?