ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं चालणं म्हणजे नक्की काय सिद्ध होतं?

तिसरी_घंटा

ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांचा, विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात: अमुक शो किती वर्षं चाललाय आणि आठवड्याला किती गल्ला करतो. माझं म्हणणं असं, की या दोन्ही आकड्यांवरून शो चांगला आहे की नाही ते कळत नाहीच, पण निर्मात्याचं भलं झालं की नाही तेही कळत नाही. फार तर एवढं कळतं की तो पडदा रोज वर न्यायला किती पैसे लागतात.

'फँटम ऑफ द ऑपेरा' घ्या. २६ जानेवारी १९८८ ला मॅजेस्टिक थिएटरमध्ये सुरू झालं, १६ एप्रिल २०२३ ला उतरलं. १३,९८१ प्रयोग. ब्रॉडवेवर इतकं कुणीच टिकलेलं नाही. मग बंद का पडलं? लोकांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे. भलामोठा वाद्यवृंद, ते झुंबर, मंचावर आणि मागे मिळून शंभरावर माणसं, आणि आठवड्याचा खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास. कोविडनंतर तेवढी विक्री दर आठवड्याला होईना. सप्टेंबर २०२२ मध्ये बंद करायची घोषणा झाली आणि इतकी वर्षं 'जाऊ कधीतरी' म्हणणारे सगळे धावत सुटले. फेब्रुवारीतला शेवटचा प्रयोग एप्रिलवर ढकलावा लागला, आणि अखेरच्या आठवड्यांत गल्ला तीस लाख डॉलरच्या वर गेला. पस्तीस वर्षांतला सगळ्यात मोठा गल्ला कधी, तर शो मरायला टेकल्यावर!

आता 'शिकागो'. १९७५ साली पहिल्यांदा आलं तेव्हा ९३६ प्रयोग झाले. ब्रॉडवेच्या मानाच्या टोनी पुरस्कारांच्या रात्री 'अ कोरस लाइन'ने मैदान मारलं, 'शिकागो'च्या हाती भोपळा. मे १९९६ मध्ये एन्कोर्स या मालिकेत त्याचे मैफलीच्या धर्तीवर मोजके प्रयोग झाले आणि तेच रूप नोव्हेंबरात ब्रॉडवेवर आणलं. वाद्यवृंद मंचावरच बसलेला, नेपथ्य जवळपास नाहीच, अंगावर काळे कपडे. ते आजही चालू आहे! अँबॅसेडर थिएटर आकाराने बेताचं, खर्चही बेताचा. विक्री थंडावली की काही आठवड्यांसाठी एखादा ओळखीचा चेहरा आणतात. २०२२ मध्ये पामेला अँडरसन आली होती. दुसऱ्या शोला ज्या गल्ल्यावर गाशा गुंडाळावा लागेल, त्यावर 'शिकागो' आरामात जगतं. याला कलेचा विजय म्हणायचं असेल तर म्हणा, मला त्यात हिशेबाचा विजय जास्त दिसतो.

बुकिंगची_खिडकी

साफ असहमत. उदाहरणं निवडून घेतली आहेत.

कमी खर्चाचे शो ब्रॉडवेवर दर वर्षी येतात आणि दर वर्षी झोपतात. स्वस्त असणं पुरत असतं तर आज चाळीस 'शिकागो' चालू असते. आणि महागड्या शोंचं काय? 'विकेड' ऑक्टोबर २००३ मध्ये गर्शविन थिएटरला लागलं. एकोणीसशेच्या घरात खुर्च्या, ब्रॉडवेवरची सगळ्यात मोठी जागा. समीक्षकांनी नाकं मुरडली, टोनी 'अव्हेन्यू क्यू'ने नेलं. तरी चौदा महिन्यांत घातलेले १.४ कोटी डॉलर वसूल. २०२४ च्या नाताळच्या आठवड्यात तर नऊ प्रयोगांत ५० लाख डॉलरच्या वर गल्ला, ब्रॉडवेवर हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं. 'द लायन किंग' १९९७ पासून आहे. त्याचे मुखवटे आणि बाहुल्या काय फुकट येतात?

समीक्षक एकदा बघून घरी जातात. तिकीट काढणारा आपल्या खिशातून देतो, आवडलं तर दुसऱ्याला सांगतो, वर पोरांना घेऊन परत येतो. वीस वर्षं कुणी नुसत्या सवयीने शेदीडशे डॉलर मोजत नसतं.

तिसरी_घंटा

त्या नाताळच्या आधी महिनाभर 'विकेड'चा सिनेमा आला होता, हे सांगायचं राहिलं तुमचं. जगभर झालेली जाहिरात थिएटरच्या दारात आयती येऊन पडली. 'शिकागो'लाही २००२ च्या सिनेमाने आणि त्याच्या ऑस्करने असाच हात दिला होता. 'लायन किंग'च्या मागे डिस्ने. हे टिकणं शोचं की नावाचं?

जर्सीकर

दोघंही बाजूला व्हा जरा, तिकिटं प्रत्यक्षात काढणारा माणूस बोलतोय. :)

आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की फर्माईश ठरलेली: लिबर्टी, एम्पायर स्टेट आणि 'लायन किंग'. कौतुकाने एखादी नवी संगीतिका सुचवली की प्रश्न येतो, "ते काय असतं?" त्यांचं चुकत नाही. घरच्या चौघांचे मिळून सहा-सातशे डॉलर जाणार. एवढ्या पैशांत न पाहिलेल्या गोष्टीवर जुगार कोण खेळणार? आजीला इंग्रजी संवाद कळो न कळो, सिंहाची गोष्ट कळते.

आणि प्रेक्षकांत बहुसंख्य लोक असेच बाहेरगावचे. मुक्काम चार दिवसांचा, त्यातली एक संध्याकाळ शोची. म्हणजे जुन्या शोला दर आठवड्याला नवा प्रेक्षक मिळतो आणि नव्या शोला त्याच प्रेक्षकाला आधी स्वतःची ओळख करून द्यावी लागते. यात गुणवत्ता किती आणि माहीत असणं किती, तुम्हीच ठरवा.

टाइम्स स्क्वेअरला टीकेटीएसची खिडकी आहे, १९७३ पासून. त्याच दिवशीची उरलेली तिकिटं तिथे वीस ते पन्नास टक्के सवलतीत मिळतात. आम्ही नवे शो तिथूनच बघतो.

हिशेबनीस

इथे सगळे गल्ला आणि नफा एकच धरून चाललेत, म्हणून लिहितो.

२०२४-२५ चा हंगाम ब्रॉडवेच्या इतिहासातला सगळ्यात मोठ्या गल्ल्याचा: १८९ कोटी डॉलर. पेढे वाटावेत असा आकडा. पण प्रेक्षकसंख्या २०१८-१९ एवढीही नाही, दोन्ही वेळा साधारण दीड कोटीच्या जरा खाली. म्हणजे माणसं वाढली नाहीत, तिकीट वाढलं. 'ऑथेल्लो'त डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल होते, सर्वात महाग तिकीट ९२१ डॉलरचं. जॉर्ज क्लूनीच्या नाटकाने एका आठवड्यात चाळीस लाखांची मजल गाठली. दोन्ही मोजक्या आठवड्यांचीच होती. म्हणजे गल्ला विक्रमी आणि टिकण्याचा प्रश्नच नाही!

उलट नव्या संगीतिकांकडे बघा. उभं करायलाच दीड-दोन कोटी डॉलर लागतात, मग आठवड्याचा खर्च, थिएटरचं भाडं, लेखक-संगीतकारांचा वाटा. कोविडनंतर आलेल्या कित्येक संगीतिकांपैकी भांडवल वसूल करून पुढे गेलेल्या 'सिक्स', 'एमजे', 'अँड ज्युलिएट' अशा अगदी मोजक्या. त्यात 'सिक्स' म्हणजे सहा बायका, एक मंचसज्जा, ऐंशी मिनिटं आणि मध्यंतर नाही. इथे तिसरी_घंटा यांचं म्हणणं पटतं.

पण शो किती टिकणार हे प्रेक्षक एकटा ठरवत नाही, निर्माताही नाही. ब्रॉडवेची थिएटरं एकूण ४१. त्यातली १७ शुबर्ट या कंपनीकडे, ९ नेडरलँडर या कंपनीकडे. करारात अट असते: सलग दोन आठवडे गल्ला ठरल्या रकमेखाली गेला की मालक जागा रिकामी करून मागू शकतो. रांगेत दुसरा शो उभाच असतो. त्यामुळे हळूहळू नाव होणाऱ्या शोला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. 'फँटम'नंतर त्याच मॅजेस्टिकमध्ये 'जिप्सी' आलं, ऑड्रा मॅकडोनाल्डसारखी नटी घेऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये भांडवल परत न मिळवताच उतरलं.

विंगेतून

हिशेब पटला, पण टिकण्याची व्याख्याच तुम्ही सगळ्यांनी फार तोकडी केलीत.

संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइमचं 'मेरिली वी रोल अलाँग' १९८१ मध्ये ब्रॉडवेवर १६ प्रयोगांत आटोपलं. सोळा! त्या काळच्या कुठल्याही मोजमापाने मेलेला शो. पण गाणी राहिली. ध्वनिमुद्रण ऐकणारे राहिले, दुसरीकडे कुणी ना कुणी ते करत राहिलं, संहितेवर पुन्हा काम झालं. २०२३ मध्ये ते ब्रॉडवेवर परतलं, तिकिटं मिळेनात, आणि सर्वोत्तम पुनरुज्जीवनाचा टोनी घेऊन गेलं. सॉन्डहाइम २०२१ मध्येच गेले होते, त्यांना ते पाहता आलं नाही.

ब्रॉडवेच्या बाहेरही बघा. 'द फँटास्टिक्स' १९६० ते २००२ न्यूयॉर्कमध्येच एका छोट्याशा थिएटरात चाललं, १७,१६२ प्रयोग. 'फँटम'पेक्षा तीन हजारांहून जास्त. पण जागा लहान, म्हणून ब्रॉडवेच्या यादीत नाव नाही आणि गल्ल्याच्या यादीत तर नाहीच नाही.

बुकिंगची_खिडकी

'मेरिली'त २०२३ ला डॅनियल रॅडक्लिफ होता. हॅरी पॉटर मंचावर आल्यावर तिकिटं संपणार नाहीत तर काय? जाहिरातीचा मुद्दा 'विकेड'ला लावता, मग इथेही लावा.

आणि हिशेबनीस, हळूहळू नाव होणाऱ्यांना उसंत मिळत नाही म्हणता, तर 'मेबी हॅपी एंडिंग' सांगा ना. सोलमधल्या दोन जुन्या, टाकून दिलेल्या यंत्रमानवांची गोष्ट. मागे गाजलेला सिनेमा नाही, ओळखीची गाणी नाहीत. २०२४ च्या शरदात सुरुवातीला आठवड्याला तीन लाख डॉलरही जमत नव्हते. सगळ्यांनी तिलांजली दिली होती. मग बघून आलेले लोक बोलायला लागले, आकडा आठवड्यागणिक चढत गेला, जून २०२५ मध्ये सहा टोनी मिळाले आणि आठवड्याचा गल्ला दहा लाखांच्या पलीकडे गेला. इथे ना डिस्ने, ना पामेला अँडरसन. लोकांना आवडलं, एवढंच. आणि ते कशावरून कळलं? तुम्ही ज्याला नावं ठेवताय त्याच साप्ताहिक आकड्यांवरून.

हिशेबनीस

त्या शोच्या निर्मात्यांनी तोट्याचे आठवडे खिशातून सोसले, म्हणून तो टोनीपर्यंत पोचला. ज्यांचा खिसा तेवढा खोल नव्हता त्यांची नावंही आपल्याला आठवत नाहीत.

नागपूरची_नाट्यवेडी

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

आपल्याकडे प्रयोगसंख्येचं कौतुक कमी नाही. प्रशांत दामलेंचा १२,५०० वा प्रयोग नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला तेव्हा केवढा सोहळा झाला. पण ती संख्या एका नटाची आहे, अनेक नाटकं मिळून. आणि आपलं नाटक एका जागी ठाण मांडत नाही. तारखा मिळवायच्या, शनिवारी गडकरी, रविवारी दीनानाथ, मग पुणे, नाशिक, जमलं तर आमच्याकडे. प्रेक्षक असेल तिथे, असेल तेव्हा प्रयोग लावायचा. ब्रॉडवेवर तीच जागा आणि आठवड्याला आठ प्रयोग, मंगळवारच्या रात्रीसुद्धा खुर्च्या भरायच्या. त्यामुळे तिथल्या आकड्याला इथल्या आकड्याशेजारी ठेवून आनंद किंवा दुःख करून घेऊ नये.

बाय द वे, 'फँटम' २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला येऊन गेलं. न्यूयॉर्कला बंद पडलं म्हणजे संपलं असं काही नाही.

तिसरी_घंटा

नाट्यवेडी, धन्यवाद, माझंच काम सोपं केलंत. प्रेक्षक तोच, गाणी तीच, झुंबर तेच. ब्रॉडवेवर परवडेना आणि दौऱ्यावर परवडलं, म्हणजे फरक खर्चाचाच ना?

खिडकीताई, 'मेबी हॅपी एंडिंग' मान्य. पण त्याच हंगामात तसेच कौतुक झालेले किती शो टोनीनंतर काही आठवड्यांतच उतरले, तेही बघा. एक वाचला म्हणून विहीर उथळ ठरत नाही.

बुकिंगची_खिडकी

ताई नाही, दादा. बाकी वाद चालू द्या.

जर्सीकर

वाद चालूच राहील, मला फक्त सांगा: डिसेंबरात सासूबाई येताहेत. यंत्रमानव की सिंह?

विंगेतून

यंत्रमानव. त्यांना कमी लेखू नका.

बुकिंगची_खिडकी

सिंह. आणि खाली, मधल्या वाटेला लागून असलेल्या खुर्च्या घ्या. सुरुवातीच्या गाण्याला प्राणी प्रेक्षकांमधून चालत मंचावर जातात. डिसेंबर आहे, आत्ताच काढा, नाताळच्या आठवड्यात दर बघून सासूबाईच नको म्हणतील.