माझी गोष्ट मी दोन प्रकारे सांगतो, पोरीला कोणती सांगू?

निफाडचा_बागवाला: 2019 ला पुण्यातली नोकरी गेली आणि मी गावी आलो, तेव्हापासून वडिलांच्या द्राक्षबागेतच आहे. पाहुण्यांत विषय निघाला की सांगतो नोकरी गेली म्हणून आलो, आणि बागाईतदार मित्रांत बसलो की सांगतो बागेची ओढ होती म्हणून आलो. दोन्ही खरंच आहे हो. पण परवा पोरगी विचारते, बाबा तू शेतकरी कधी झालास? सात वर्षांची आहे. मला सांगताच येईना, तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. तुम्ही स्वतःचं कसं सांगता?

नाशिकरोडची_मॅडम: दादा, यात खोटेपणा काही नाही. मी मानसशास्त्र शिकवते. डॅन मॅकअ‍ॅडम्स म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, ते 1980 च्या दशकापासून हेच मांडतायत की मागचं, आत्ताचं आणि पुढचं एका गोष्टीत ओवूनच माणूस 'मी कोण' हे ठरवतो. ते लोकांना आख्खं आयुष्य सांगायला लावतात, सगळ्यात चांगला प्रसंग, सगळ्यात वाईट, कुठे वळण लागलं असं. काहीजण वाईटातून चांगलं निघालं असं सांगतात, काहीजण चांगल्याचं मातेरं झालं असं, आणि पहिल्या प्रकारे सांगणारे साधारण जास्त समाधानी दिसले. पण म्हणून ओढूनताणून गोड करू नका, वाईट वाटलं होतं तर तेही सांगा तिला.

पंचवटीकर: रामकुंडावर आमच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही आहे, नाव, गाव, सोबत कोण आलं, बास एवढंच. ते चालत आले होते आणि येताना बैल विकावा लागला होता हे मला आजीने सांगितलं. मी त्या घरातला आहे असं जे आतून वाटतं ना, ते त्या बैलामुळे.

सराफबाजार_नाशिक: 2008 च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं. वडील आधी कितीतरी वर्षं 'सगळं गेलं' एवढंच म्हणायचे, आता सांगताना शेजारच्यांनी रात्री माल माडीवर चढवला तिथून सुरू करतात. पूर तोच, पण सुरुवात बदलली आणि माणूस पण बदललाय, मी बघतोय.

निफाडचा_बागवाला: मंडळी, काल तिला बांधावर बसवून सगळं सांगितलं. नोकरी गेली त्या दिवशी रडलो तेही, मग ऑक्टोबर छाटणीला आजोबांनी हातात कात्री दिली, मी काडीवरचे डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतात त्या गाठी, मोजायला चुकलो आणि त्या ओळीला घडच लागले नाहीत तेही. ती म्हणे, मग आजोबा रागावले का? आणि तेव्हा आठवलं, इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांनी पुढच्या वर्षी तीच ओळ परत मलाच दिली होती.