मदत हवी आहे: परप्रांतात सेवेचं पाचारण (देवाचं बोलावणं) कसं ओळखावं?

सर्वांना जय ख्रिस्त. मी अहिल्यानगरची, स्टाफ नर्स आहे. झारखंडमधल्या संथाळ भागात आरोग्यसेवेसोबत सुवार्तेचं काम करावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात घोळतंय. पण हे खरंच पाचारण आहे, की नाईट ड्युट्यांचा कंटाळा? तिथे जाऊनही नाईट असणारच म्हणा!

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये अंत्युखिया शहरातली मंडळी (चर्च) उपास-प्रार्थना करून बर्णबा आणि शौलाला पाठवते. म्हणजे एकट्याने ठरवून निघायचं नाही, एवढं मला पटतं. 16व्या अध्यायात तर पवित्र आत्मा पौलाला (म्हणजे याच शौलाला) आधी दोन ठिकाणी जाऊ देत नाही, मग मासेदोनियाला जाण्याचा दृष्टान्त होतो. मला दृष्टान्त वगैरे काही झालेला नाही. आमचे पाळक म्हणतात, "थांब, प्रार्थना कर." आई म्हणते, "आधी लग्नाचं बघ." थांबायचं म्हणजे किती, हे कोणीच सांगत नाही.

भाषेचीही धास्ती आहे. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत आले आणि मराठी शिकून कामाला लागले. मला संथाळीचा एक शब्द येत नाही, ओल चिकी लिपी तर दूरच. नुसत्या हिंदीवर वॉर्डात भागेल, पण म्हाताऱ्या बायकांशी बोलणार कसं?

परप्रांतात सेवा केलेले कोणी आहेत का इथे? आधी दोन-तीन महिने राहून पाहिलंत का? मंडळीने पाठवलं की स्वतःच्या पगारावर गेलात? आणि घरच्यांना कसं समजावलंत, तेही सांगा. परत आलेल्यांनीही जरूर लिहा.