बाळाचं वजन वाढतंय, तरी सगळे म्हणतात दूध पुरत नाही. मी आणखी काय खाणं सोडू?

एकोणपन्नासावा_दिवस

बाळ आज ४९ दिवसांचं झालं. पहिलंच आहे. जन्मलं तेव्हा २.९ किलो होतं. चौथ्या दिवशी २.७ वर आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण बाराव्या दिवशी पुन्हा २.९ झालं आणि परवा ४.१ भरलं. दिवसात सात-आठ वेळा शू होते. फक्त अंगावर पाजते, वरचं काही नाही.

अडचण संध्याकाळी सहा ते नऊची. दर वीस मिनिटांनी ओढतं, सोडतं, पाय पोटाशी घेऊन रडतं. घरात जो तो सांगतो, दूध पुरत नाही, दूध पातळ आहे, नाहीतर तू खाल्लेलं बाळाला बाधतंय. एकदा पाजून झाल्यावर पंप लावून पाहिला. दोन्हीकडचं मिळून ४० मिलि निघालं. बाटलीच्या तळाशी तेवढंसं दूध बघून मलाच रडू फुटलं.

बाळाचं पोट दुखू नये म्हणून मी एकेक पदार्थ सोडत गेले. आधी कोबी, मग सगळी कडधान्यं, मग दूध-दही, आंबट फळं, अंडी. बाळाला हिरवी शी झाली म्हणून पालेभाजीही बंद. आता दोन्ही वेळा मऊ भात, उकडलेला बटाटा आणि गाजर, एवढंच. गरोदरपणात हिमोग्लोबिन ९.२ होतं. लोहाच्या गोळ्या घेत होते, पण पोट साफ होईना म्हणून बाळंतपणानंतर थांबवल्या. हल्ली जिना चढताना धडधडतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ते जागरणाचं असेल.

रडणं थांबायला आणखी काय सोडायला हवं? की सरळ वरचं दूध सुरू करू?

सोपा_उपाय

संध्याकाळी दोन-तीन चमचे कोमट साखरपाणी पाजून बघा, नाहीतर बोटाने मध चाटवा. बाळ शांत झोपेल आणि तुम्हालाही जरा आराम मिळेल.

दोघांची_आई

आधी वरच्या सल्ल्याबद्दल, कारण ते थांबवणं गरजेचं आहे. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही नको. अंगावरच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. वरून पाणी दिलं की इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी ओढलं जातं, आणि कमी ओढलं की कमी बनतं. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि एवढ्या लहान आतड्यात ते रुजून विष तयार करतात. सल्ला प्रेमाने दिला आहे हे कळतं, पण कृपया कोणी देऊ नका.

आता तुझ्याशी बोलते, धाकट्या बहिणीशी बोलावं तसं. काहीही सोडू नकोस. सोडलंस ते सगळं परत ताटात आण.

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाळाची वजनं त्यात चार आहेत. तुझा आकडा एकच, आणि तोही बाळ पोटात असतानाचा. बाळंतपणात रक्त जातं. त्यानंतर तुझं हिमोग्लोबिन कोणी पाहिलं का? बाळाने बाराव्या दिवसापासून पाच आठवड्यांत १२०० ग्रॅम कमावलेत. हे काही उपाशी बाळाचं वजन नाही. उपाशी कोणी असेल तर ती तू आहेस. धडधड आणि अंधारी जागरणावर ढकलू नकोस. मी ढकलली होती.

माझा मोठा आता नऊ वर्षांचा आहे. त्याच्या वेळी सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ८.८ होतं. गोळी एक दिवसही चुकवली नाही. रोज सकाळी लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी एकाच तळव्यावर घ्यायचे आणि दुधाच्या चहाच्या घोटाबरोबर गिळायचे. दोन महिन्यांनी पाहिलं तर ८.९. चहातली द्रव्यं लोहाला आतड्यातच धरून ठेवतात आणि कॅल्शियम त्याला आडवं येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. गोळी पोटात जात होती, रक्तात उतरत नव्हती. त्यावर बाळंतपण झालं, आणि मग तुझ्यासारखंच हे बाधतं, ते बाधतं. मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला कडेवर घेऊन एक मजला चढले आणि पायरीवर बसले, ती उठताच येईना. तपासलं तर ७.६.

डॉक्टर म्हणाल्या, मुलाचंही रक्त बघू. त्याचं ८.७ आलं. त्याचे तळवे माझ्या हातात घेऊन त्यांनी मला दाखवले. रोज त्याच हातांची नखं कापत होते, आणि ते इतके पांढुरके झालेत हे मला दिसलं नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

कारण असं, की बाळ आपल्या वाट्याचं लोह पोटात असतानाच, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत साठवून घेतं. तो साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह अंगी छान लागतं, पण असतं फार थोडं. म्हणून सहा महिने भरताच वरचं अन्न सुरू करायचं, आणि त्यात लोह असायलाच हवं. मी सुरू केलं आठव्या महिन्यात, तेही बाटलीच्या बोंडल्यातून उतरेल इतक्या पातळ पेजेने. सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलिच्या आसपासच मावतं. ते मी पाण्याने भरत होते.

धाकटीच्या वेळी चमचा तिरका करून बघायचे. घास चमच्याला धरून राहिला, ओघळला नाही, तरच तिच्या तोंडापाशी न्यायचे. मऊ शिजवून बोटांनी चुरडलेली डाळ, त्यात पालेभाजी, पिवळं बलक, वर थोडं तेल. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा, आणि अंगावरचं चालूच. तुला अजून चार महिने आहेत, पण हे आत्तापासून डोक्यात असू दे.

आता तुझ्या संध्याकाळबद्दल. बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. संध्याकाळी ती सारखी सारखी ओढतात, याचा अर्थ दूध आटलं असा होत नाही. पंपाचे ४० मिलि तू पाजून झाल्यावर काढलेस ना? बाळ जेवून उठल्यावर ताटात उरलेलं ते. त्याने दूध मोजू नकोस. दिवसातल्या सहाहून जास्त शू आणि वजन, ही मोजमापं धर. ‘पातळ’ म्हणणाऱ्यांना सांग, पाजायला घेतल्या घेतल्या येणारं दूध निळसर पातळ दिसतंच. शेवटी शेवटी त्यात स्निग्धांश वाढत जातो, म्हणून एक बाजू बाळाने आपणहून सोडेपर्यंत पाजायची.

आणि कोबीचा वायू तुझ्या आतड्यात होतो, तिथेच संपतो. दूध आतड्यातून येत नाही, रक्तातून बनतं. लसणाचा वास दुधात उतरतो, चहा-कॉफीतलं कॅफिन आणि दारूही उतरते, पण कडधान्यांचा वायू नाही. आंबट खाल्लं म्हणून दूध आंबट होत नाही. एखाद दुसरी हिरवी शी झाली आणि बाळ हसतंखेळतं असलं, तर ते पालेभाजीवर लावू नकोस.

वरच्या दुधाची गरज कधी खरंच पडते, आणि तेव्हा देण्यात काही कमीपणा नाही. पण तुझ्या आकड्यांवरून तुला ती दिसत नाही. उद्या जाऊन तुझं रक्त तपासून घे. आणि निकाल आला की इथे सांग, मी वाट बघतेय.

ताटातलं_शास्त्र

मी आहारतज्ज्ञ आहे, बाळंतिणींसोबतच काम करते. वरच्या ताईंचं म्हणणं बरोबर आहे, थोडी भर घालते.

आईने कमी खाल्लं तरी शरीर दूध बनवतच राहतं. कॅल्शियम कमी पडलं तर आईच्या हाडांतून काढतं, लोहही दुधात आपल्या ठरलेल्या मापाने जात राहतं. म्हणून बाळ गुटगुटीत आणि आई पांढरीफटक असं चित्र दिसतं. पण काही गोष्टी आईच्या ताटात नसतील तर दुधातही कमी होतात. बी १२, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व त्यांतली. ताई, तुम्ही अंडी आणि दूध-दही दोन्ही सोडलंत. मांस-मासेही खात नसाल तर बी १२ चा एकही नैसर्गिक स्रोत ताटात उरला नाही. बाळात बी १२ फार कमी झालं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. हिमोग्लोबिनबरोबर तेही तपासून घ्या. ड जीवनसत्त्व आईच्या दुधात जेमतेमच असतं, त्यामुळे बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब चालू आहेत का, हे बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

फक्त अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे गरोदरपणाच्या शेवटी लागतात त्याहूनही थोड्या अधिकच. लोक मात्र गरोदर बाईला आग्रह करकरून वाढतात आणि बाळंतिणीचं ताट रिकामं करतात. मला रोज दिसणारी ही गोष्ट आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

लोहाची गोळी कॅल्शियमपासून आणि चहा-कॉफीपासून किमान दोन तास लांब ठेवा, सोबत लिंबूपाणी किंवा संत्रं घ्या. शी काळी झाली तर घाबरू नका, ते गोळीमुळेच. पोट साफ होत नसेल तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. लोहाच्या गोळीचा दुसरा प्रकार असतो, कमी मात्रा असते, दिवसाआड घेण्याची पद्धतही आहे.

एक अपवाद सांगून ठेवते. काही थोड्या बाळांना आईच्या आहारातली दुधाची प्रथिनं खरंच सोसत नाहीत. पण तेव्हा शीमध्ये रक्त किंवा शेंब दिसते, अंगावर पुरळ येतो, वजन अडतं. तसं काही असेल तर फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून बघतात, तेही देखरेखीखाली. मग परत सुरू करून खात्री करतात. सात पदार्थ एकदम बंद केले तर नेमकं कशाने बरं वाटलं ते कुणालाच कळत नाही.

उजव्या_हाताला_ताट

बाबा लोकांपैकी कोणी हे वाचत असेल म्हणून लिहितो. आमची मुलगी दोन महिन्यांची होती. बायको दिवसभर काय खाते हे मला माहीत होतं असं मी समजत होतो. एका रविवारी घरी होतो तेव्हा लक्षात आलं, की तिचं सकाळी अकराला वाढलेलं ताट दुपारी तीनला तसंच होतं, भाताला वरून कडक पापुद्रा आलेला. भूक नव्हती असं नाही. दर वेळी घास उचलला की मुलगी उठायची.

तेव्हापासून एकच नियम केला. ती पाजायला बसली की तिच्या मोकळ्या हाताशी एका हाताने खाता येईल असं काहीतरी आणि पाण्याची बाटली ठेवायची. सोललेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे, केळं, फोडी केलेलं फळ. दिवसात आठ-दहा वेळा पाजणं होतं, म्हणजे आठ-दहा वेळा खाणं होतं. रात्री दोनच्या पाजण्याला तर तिला सगळ्यात जास्त भूक लागायची. झोपण्याआधी झाकण लावलेला डबा उशाशी ठेवणं हे माझं काम. ताई, तुमच्या घरात जो तो सांगतो आहे ना, त्यांतल्या एकाला हा डबा भरायला सांगा.

एकोणपन्नासावा_दिवस

काल सकाळी रक्त देऊन आले. हिमोग्लोबिन ८.६. बी १२ सुद्धा कमी आहे, त्याचे औषध आजपासून सुरू झालं. लोहाची गोळी बदलून दिली आहे, आणि बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंबही. डॉक्टर म्हणाल्या, धडधड वाढली किंवा धाप लागली तर थांबायचं नाही, लगेच यायचं. महिन्याने पुन्हा तपासणी.

दोघांची_आई, तुमचं ‘तुझा आकडा एकच’ हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. आज संध्याकाळी सहाला रडणं सुरू झालं तेव्हा मी पाजायला बसले आणि त्याने वाटीत उसळ आणि अर्धं संत्रं सोलून आणून दिलं. बाळ साडेआठपर्यंत रडलं. मी मात्र वाटी संपवली.